सोन्याची जुनी कॅलेंडर घड्याळं : मोडीत घालण्याआधी मागचं झाकण उघडून बघा

घटिकापात्र

सोन्याचा भाव चढला की कपाटातलं आजोबांचं सोन्याचं घड्याळ सराफाकडे जातं. तो मशीन काढून आपल्या हातात देतो, केस काट्यावर ठेवतो, घट धरतो आणि पैसे मोजतो. जानेवारी १९८० मध्ये जगाच्या बाजारात सोनं औंसाला ८५० डॉलरवर गेलं, तेव्हा युरोप-अमेरिकेत कितीतरी घड्याळांच्या केसेस अशाच वितळल्या. बिनकेसची मशीनं अजूनही तिकडच्या बाजारात दिसतात. आपल्याकडे सध्या तेच चाललंय, आणि मला ते बघवत नाही. म्हणून हा धागा.

विषय मुद्दाम छोटा ठेवतो. १९४० ते १९६० च्या आसपासची, स्विस, सोन्याची, आणि वेळेबरोबर वार, तारीख, महिना व बहुतेकदा चंद्रकलाही दाखवणारी मनगटी घड्याळं.

यांचे दोन मोठे गट. पहिला गट ट्रिपल कॅलेंडरचा. यात वार, तारीख, महिना दिसतो, पण महिना तीस दिवसांचा की एकतीस हे घड्याळाला कळत नाही. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर संपले की तारीख हाताने पुढे सरकवायची. ओमेगाचं १९४७ चं कॉस्मिक, युनिव्हर्सल जिनीव्हचं १९४४ चं ट्राय-कॉम्पॅक्स (यात भर म्हणून क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचही), मोव्हाडो, रेकॉर्ड, जेजर-लकुल्त्र अशा अनेकांनी ही काढली. रोलेक्सने त्या काळात चंद्रकलेची दोनच मॉडेलं मालिकेत काढली, ८१७१ आणि ६०६२.

दुसरा गट पर्पेच्युअल कॅलेंडरचा. यात महिन्याची लांबी आणि लीप वर्ष दोन्ही यंत्रातच बसवलेलं. खिशातल्या घड्याळात हे लंडनच्या थॉमस मजने अठराव्या शतकातच साधलं होतं, मनगटावर यायला १९२५ उजाडलं. जिनिव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीने त्या साली जे पहिलं पर्पेच्युअल मनगटी घड्याळ केलं, त्यातलं मशीन १८९८ मध्ये स्त्रियांच्या गळ्यातल्या घड्याळासाठी बनवलेलं होतं. पुढे १९४१ मध्ये, युरोपभर युद्ध पेटलेलं असताना, पाटेकने दोन मॉडेलं मालिकेत काढायला घेतली. १५२६ हे साधं पर्पेच्युअल, आणि १५१८ म्हणजे पर्पेच्युअलबरोबर क्रोनोग्राफ. १५१८ ची १९५४ पर्यंत अवघी २८१ घड्याळं झाली. त्याच्या जागी आलेलं २४९९ हे १९५१ पासून १९८५ पर्यंत चाललं आणि एवढ्या वर्षांत फक्त ३४९ निघाली. म्हणजे वर्षाला सरासरी दहा.

आता खरा मुद्दा. १५१८ बहुतेक पिवळ्या सोन्यात आहे, थोडी गुलाबी सोन्यात. स्टीलची माहीत असलेली फक्त चार. त्यातलं एक नोव्हेंबर २०१६ मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. तेव्हा मनगटी घड्याळाचा तो जागतिक विक्रम होता. स्टीलचं! सोन्याचं १५१८ही मोठी किंमत आणतं, पण बहुतेकदा त्या स्टीलच्या खूपच खाली. याच्यापेक्षा स्पष्ट पुरावा काय हवा? या घड्याळांत धातूचं मोल सगळ्यात शेवटी येतं. आधी यंत्र, मग मूळ तबकडी, मग केसच्या कडा किती शाबूत आहेत ते, आणि मग सोनं. सराफाचा काटा फक्त शेवटचं मोजतो.

ज्यांच्याकडे असं काही आहे त्यांनी इथे लिहा. दुरुस्तीतले जाणकार असतील तर त्यांनी जरूर भर घाला.

माधवी_ठाणे

धागा अगदी वेळेवर आला. माझ्या आजेसासऱ्यांचं एक घड्याळ आहे. तबकडीवर 'रेकॉर्ड' आणि खाली 'डेटोफिक्स' असं लिहिलंय. बाराच्या खाली दोन छोट्या खिडक्या, एकीत वार एकीत महिना, कडेने तारखांचे आकडे आणि सहाच्या वर चंद्र. चालत नाही. सासूबाईंचं म्हणणं, सराफाने वजनावर जो भाव सांगितला त्यात नातीसाठी काहीतरी करून घेऊ. आता थांबलोय. पण हे सोन्याचंच आहे का, हे घरी कसं कळेल?

घटिकापात्र

माधवीताई, थांबलात ते उत्तम केलंत. घरी झाकण उघडायच्या भानगडीत पडू नका, सुरी-स्क्रूड्रायव्हरने सोन्याला कायमचे ओरखडे पडतात. घड्याळजीकडून समोर बसून उघडून घ्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो काढा. १८ कॅरटची स्विस केस असेल तर तिथे एका बाईचं बाजूने दिसणारं मुख असलेला बारीकसा शिक्का असतो, ती हेल्वेशिया, स्वित्झर्लंडचं स्त्रीरूपातलं प्रतीक. सोबत ०.७५० असा आकडा. १४ कॅरटला खारीचा शिक्का आणि ०.५८५. फ्रान्समध्ये बनलेल्या १८ कॅरटच्या केसवर गरुडाचं डोकं असतं. केसच्या पायांवर (पट्टा अडकतो तिथे) बाहेरूनही हे शिक्के मारलेले असतात आणि ते स्पष्ट दिसत असतील तर फार चांगलं, कारण पॉलिश मारून मारून सगळ्यात आधी तेच पुसले जातात.

झाकणात 'प्लाके' आणि '२० मायक्रॉन' असं काही असेल तर ते सोन्याचं पाणी. पायांच्या कोपऱ्यांवर आणि चावीजवळ आतला पांढरा किंवा पितळी धातू डोकावतोय का तेही बघा.

आणि प्लेटेड निघालं तरी ते टाकाऊ ठरत नाही. आतलं कॅलेंडर तेच असतं.

लोलक

घड्याळ दुरुस्ती हाच व्यवसाय आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

माधवीताई, तुमच्या घड्याळाच्या कडेला बारीक खळगे दिसतील. ती दाबायची बटणं आहेत, त्यांनी वार, महिना, चंद्र पुढे सरकतात. ती सध्या अजिबात दाबू नका. जुनं तेल सुकून डिंकासारखं झालेलं असतं, त्यात जोर लावला की आतली पातळ स्प्रिंग तुटते आणि ती स्प्रिंग आज कुठे मिळत नाही, हाताने घासून करावी लागते.

चालू घड्याळालाही एक पथ्य आहे. रात्री साधारण नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान कुठलंही कॅलेंडरचं बटण दाबायचं नाही. त्या वेळात घड्याळाचा स्वतःचा दात तारखेच्या चाकात अडकलेला असतो. बाहेरून आपण ढकलायला लागलो की कुणीतरी एक तुटतो. माझ्याकडे येणाऱ्या कॅलेंडर घड्याळांतलं हे सगळ्यात नेहमीचं दुखणं. टाचणी, सेफ्टीपिन, रिफिलचं टोक वापरूनही खूप नुकसान होतं. सोनं मऊ, टोक घसरलं की केसला खड्डा. टोकदार केलेली लाकडी काडी वापरावी.

पर्पेच्युअलमध्ये महिन्याची लांबी कशी ठरते हे बऱ्याच जणांना गूढ वाटतं, पण झाकण आणि तबकडी काढली की डोळ्यांना दिसतं. एक चाक असतं, चार वर्षांत एक फेरी पूर्ण करणारं. त्याच्या कडेला ४८ महिन्यांसाठी ४८ जागा. एकतीस दिवसांच्या महिन्याला कड सपाट. तीस दिवसांच्या महिन्याला उथळ खाच. एकोणतीसच्या फेब्रुवारीला त्याहून खोल आणि अठ्ठावीसच्या तीन फेब्रुवारींना सगळ्यात खोल. एक लांब तरफ रोज रात्री पुढे-मागे होते आणि तिची चोच या कडेवर टेकते. खाच जितकी खोल तितकी तरफ आत जाते आणि महिनाअखेरीला तारखेचं चाक तितके जास्त दात पुढे ढकलते. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या रात्री ती एकदम चार घरं सरकवते आणि १ तारीख येते. सगळं काही त्या खाचांच्या खोलीवर. एखादी खाच कुणी कानशीने 'नीट' केली की ते घड्याळ कायमचं चुकीचं चालतं.

हे चाक कापणारे हात कुणाचे, तर व्हॅले द जू नावाच्या डोंगराळ खोऱ्यातल्या कारागिरांचे. १५१८ आणि २४९९ चं मूळ मशीन वाल्जू या मशीन बनवणाऱ्या कंपनीचं, त्यावरचं कॅलेंडर ल सांतिये गावच्या व्हिक्टोरिन पिगेंच्या कारखान्यातलं, तबकड्या जिनिव्हाच्या स्टर्न बंधूंच्या. केसेस आधी व्हिशे, पुढे वेंगर यांच्या. जिनिव्हाच्या केसमध्ये चावीच्या आकाराचा शिक्का असतो आणि त्यात नंबर, त्यावरून केस कुणी केली ते कळतं. एका घड्याळावर किती जणांची नावं लिहायला हवीत, आणि तबकडीवर मावतं एकच.

पंचांगी

चंद्रकलेबद्दल मला राहवत नाही.

या घड्याळांत चंद्राच्या तबकडीला ५९ दात असतात आणि तिच्यावर दोन चंद्र रंगवलेले असतात. रोज एक दात सरकतो. म्हणजे एका चंद्राला साडेएकोणतीस दिवस. खरा चांद्रमास सरासरी २९.५३०५९ दिवसांचा. दर महिन्याला साधारण ४४ मिनिटांचा फरक पडतो आणि तो साठत साठत एक अख्खा दिवस व्हायला बत्तीस-तेहेतीस चांद्रमास लागतात, म्हणजे दोन वर्षं आठ महिन्यांच्या आसपास.

आता आपल्या पंचांगाकडे या. अधिक महिनाही सरासरी साडेबत्तीस महिन्यांनीच येतो. २०२३ ला अधिक श्रावण झाला, २०२६ ला अधिक ज्येष्ठ. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, एकात दातांची मर्यादा आणि दुसऱ्यात चंद्र-सूर्याच्या वर्षांचा मेळ, पण अंतर जवळपास सारखं पडतं. म्हणून ज्यांच्याकडे चालू चंद्रकलेचं घड्याळ आहे त्यांनी एक सोपा नियम ठेवावा: अधिक मास लागला की चंद्र तपासायचा.

लावायचाही मार्ग घरातल्या भिंतीवरच आहे. कॅलेंडरमध्ये मागची पौर्णिमा बघा. चंद्राचं बटण दाबत पूर्ण चंद्र खिडकीच्या मधोमध आणा. मग पौर्णिमेनंतर जितके दिवस गेले तितक्या वेळा दाबा. एक दाब म्हणजे एक दिवस.

लोलक

पंचांगी, तुमचा अधिक मासाचा नियम मी आता गिऱ्हाइकांना सांगणार. एक जोड देतो. ५९ दातांचा चंद्र खऱ्यापेक्षा जलद फिरतो, म्हणून तो नेहमी पुढे गेलेला सापडतो आणि बटण तर पुढेच ढकलतं. त्यामुळे दाबून उपयोग नाही. घड्याळाला एक दिवस थांबू द्यायचं, मग वार आणि तारीख बटणांनी पुढे आणायची आणि चंद्राला हात लावायचा नाही.

रोखठोक

वाचायला छान आहे, पण हा अब्जाधीशांचा छंद झाला. केसमध्ये तोळा-दीड तोळा सोनं असेल. माझ्यासारख्याने त्याच पैशात नाणं घेतलं तर ते कधीही मोडता येतं. घड्याळ विकायला गेलो तर गिऱ्हाईक कुठे शोधायचं?

घटिकापात्र

प्रश्न रास्त आहे. अडीनडीला लगेच मोडता यावं एवढाच हेतू असेल तर नाणंच घ्या, मी स्वतः तेच सांगेन. घड्याळ गुंतवणूक म्हणून घेऊ नये.

पण अब्जाधीशांचं म्हणाल तर ते फक्त पाटेक-रोलेक्सच्या वरच्या टोकाला खरं आहे. त्याच दशकात त्याच खोऱ्यांत शेकडो छोट्या कंपन्या होत्या. वाल्जू ७२सी आणि ८८ ही कॅलेंडरची मशीनं कितीतरी कमी नावाजलेल्या तबकड्यांखाली आहेत. १८ कॅरटच्या केसमधलं चंद्राचं घड्याळ नाव मोठं नसल्यामुळे आजही सोन्याच्या भावापेक्षा थोडंच वर मिळून जातं. आणि हीच घड्याळं धोक्यात आहेत! १५१८ कुणी वितळवणार नाही. वितळतात ती बिनानावाजलेली, ज्यांची यंत्रं तितक्याच मेहनतीने केलेली होती.

लेमानकाठी

नोकरीनिमित्त जिनिव्हाजवळ राहतो. इथे प्लांपाले भागात पाटेक फिलिपचं संग्रहालय आहे, वर उल्लेख आलेलं १९२५ चं घड्याळ तिथे ठेवलंय. सोन्याचं, अपेक्षेपेक्षा लहान, आणि तबकडी इतकी शांत की आत एवढं काही चाललंय यावर विश्वास बसत नाही. अमेरिकेतल्या थॉमस एमरी नावाच्या ग्राहकाने ते १९२७ मध्ये घेतलं होतं. इकडे आलात तर नक्की बघा, खिशातल्या जुन्या घड्याळांचा मजलाही चुकवू नका.

रोलेक्स ६०६२ चा विषय निघालाय तर बाओ दाईचं घड्याळ सांगायलाच हवं. व्हिएतनामचा शेवटचा सम्राट. १९५४ मध्ये इंडोचायनाच्या भवितव्याची परिषद जिनिव्हात भरली होती, त्या काळात त्याने हे इथे घेतलं. पिवळं सोनं, काळी तबकडी, तासांच्या खुणांच्या जागी हिरे. २००२ मध्ये ते लिलावात सुमारे २ लाख ३५ हजार डॉलरला गेलं. २०१७ मध्ये तेच पुन्हा आलं आणि ५० लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. मधल्या पंधरा वर्षांत घड्याळात काहीच बदललं नव्हतं, लोकांची नजर बदलली होती.

तांत्रिक फरकही मोठा आहे. ६०६२ ची केस ऑयस्टर, झाकण आट्यांचं, पाण्याला बऱ्यापैकी दाद न देणारी. ८१७१ चं झाकण दाबून बसवलेलं, केस मोठी आणि पातळ. दिसायला मला ८१७१ जास्त देखणं वाटतं, पण त्यातली बरीच दमटपणाने खराब झालीत.

घटिकापात्र

दमटपणाचा मुद्दा आपल्यासाठी फार महत्त्वाचा. सोनं गंजत नाही, पण आतली तरफ, स्प्रिंगा, बटणांचे दांडे स्टीलचे आहेत. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात दाबाच्या झाकणाचं घड्याळ घालू नये, आणि घामाच्या मनगटावर तर नाहीच. कपाटात ठेवताना सिलिका जेलच्या पुड्या सोबत ठेवा. डांबराच्या गोळ्या मात्र त्या खणात नकोत.

जुनीमुंबई

आपल्याकडे अशी घड्याळं कमी का, यावर थोडं. स्विस घड्याळ मुंबईला नवखं कधीच नव्हतं. फाव्र-ल्युबाने १८६५ मध्येच इथे व्यापार सुरू केला, वेस्ट एंड कंपनी १८८० च्या दशकात इथे उभी राहिली. पण स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई आली आणि आयात आवळली गेली. १९६१ मध्ये बंगळूरला एचएमटीने सिटिझनच्या मदतीने घड्याळं करायला घेतली. त्यावर जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं, नव्या दागिन्यांना १४ कॅरटची मर्यादा पडली. १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला, तो रद्द व्हायला १९९० उजाडलं. सोनंही आणि घड्याळही, दोन्ही चोरट्या आयातीच्या यादीत वर असलेल्या वस्तू! त्यामुळे घरोघरी सापडणारं सोन्याचं कॅलेंडर घड्याळ बहुधा त्याआधी घेतलेलं असतं, किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्या, आफ्रिकेत वा आखातात गेलेल्या कुणीतरी आणलेलं. म्हणून त्याचं बिल, डबी, जुना पासपोर्ट, लग्नातला घड्याळासकटचा फोटो, जे असेल ते एकत्र ठेवा. त्या कागदांशिवाय घड्याळ अर्धं मुकं होतं.

अनुजा_प

विकत घेणाऱ्यांसाठी सावधगिरीचा सल्ला. चोरबाजारात मटन स्ट्रीटला फिरायला मलाही आवडतं, पण तिथे 'नवीकोरी' दिसणारी जुनी तबकडी पाहिली की मी पुढे जाते. रंग काढून नव्याने छापलेल्या तबकड्यांमुळे परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि ते ऐकताना वाईट वाटतं, कारण त्याच गल्ल्यांत उत्तम हात असलेले कारागीर आहेत.

भिंगातून बघायचं. मूळ तबकडीवरची अक्षरं एकसारख्या जाडीची, कडा कापलेल्यासारख्या. नव्याने छापलेलीवर शाई पसरलेली, तारखांचे आकडे खुणांशी न जुळणारे, 'स्विस' हा शब्द तळाशी गायब किंवा वाकडा. पाटेकच्या त्या काळच्या तबकड्यांत अक्षरं कोरून त्यात मिना भरून भाजलेली असायची, त्यामुळे ती बोटाच्या टोकाला किंचित उंच लागतात. वारांच्या चकतीची भाषाही बघा. वार फ्रेंच आणि महिने इंग्रजी असतील तर कुठलीतरी चकती दुसऱ्या घड्याळातून आलेली असण्याची शक्यता मोठी.

आणि डागाळलेली मूळ तबकडी ही चकचकीत नव्या तबकडीपेक्षा कधीही चांगली. कृपया कुणी 'रिडायल करून घ्या' हा सल्ला ऐकू नका.

रोखठोक

पर्पेच्युअलमध्ये लीप वर्ष आहे हे घड्याळाला माहीत, पण घालणाऱ्याला कसं कळतं?

लोलक

फार नेमका प्रश्न. १५१८, १५२६, २४९९ यांपैकी एकाच्याही तबकडीवर ते दिसत नाही! बरीच वर्षं बंद राहिलेलं असं घड्याळ आलं तर एक तर तबकडी काढून चाक बघावं लागतं, नाहीतर फेब्रुवारीअखेर आणून ते २८ ला थांबतं की २९ ला हे तपासत जावं लागतं. ओदमार पिगे या स्विस कंपनीने १९५५ मध्ये ५५१६ या मॉडेलवर लीप वर्ष दाखवणारा काटा दिला, मनगटी पर्पेच्युअलमध्ये पहिल्यांदाच. त्याची फक्त नऊ घड्याळं झाली. पाटेकने हे १९८१ च्या ३४५० मध्ये आणलं. आणि एक, ही सगळी पर्पेच्युअल १ मार्च २१०० ला चुकतील. २१०० हे शतकवर्ष लीप नाही आणि ४८ खाचांच्या चाकाला शतक कळत नाही.

माधवी_ठाणे

झाकण उघडून घेतलं, समोर बसून. आत हेल्वेशियाचं मुख आहे, ०.७५० आहे आणि झाकणाचा नंबर आहे. मशीनवर थोडा गंज, पण सगळे भाग जागेवर आहेत असं ते म्हणाले. तबकडी पिवळट झालीय, तिला हात लावू नका असं मी आधीच सांगितलं. सासूबाईंनी या धाग्यातला अधिक मासाचा भाग दोनदा वाचून घेतला. आता मोडायचं नाही असं ठरलंय, सर्व्हिसिंग करून नातीला अठराव्या वर्षी द्यायचं. परत आल्यावर ते कसं लावायचं तेवढं क्रमाने सांगा.

लोलक

सर्व्हिसिंगला देताना केसला बफ मारू नका हे पावतीवर लिहून घ्या. हेल्वेशियाचा शिक्का आहे तसा परत आला पाहिजे.

परत आलं की आधी पूर्ण चावी द्या. मग काटे पुढेच फिरवत, मागे नाही, तारीख बदलेपर्यंत न्या. ती बदलली म्हणजे घड्याळाची मध्यरात्र. तिथून पुढे नेत काटे दुपारी बाराला आणा. आता बटणं दाबायला हरकत नाही. आधी वार, मग महिना, मग पंचांगींनी सांगितल्याप्रमाणे पौर्णिमेपासून मोजून चंद्र. तारखेला वेगळं बटण नसेल तर ती काट्यांनीच आणावी लागेल, तसं असेल तर तारीख सगळ्यात आधी आणि बाकीचं नंतर. शेवटी खरी वेळ लावा, दुपारनंतरची असेल तर काटे बाराच्या पुढे, सकाळची असेल तर अजून एक मध्यरात्र ओलांडून, आणि त्यात तारीख-वार एकाने वाढणार हे धरून आधीच एक दिवस मागे ठेवा. या प्रकारातल्या काही घड्याळांत महिना आपोआप बदलत नाही, पहिल्या तारखेला हाताने दाबावा लागतो. तुमचं त्यातलं आहे का, हे घेतानाच विचारून घ्या.